'पान सापडले नाही' : पत्ता नेमका कुठे चुकतो?

"आपण मागितलेले पान सापडले नाही." संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर हे वाक्य वाचले नाही, असा शिक्षक आज शोधून सापडायचा नाही. कधी त्याच्यावर ४०४ असा ठळक आकडा असतो, कधी नसतो. मुलीचा अर्ज भरायचा आहे, मुदत आज रात्री संपते, बटण दाबले आणि ही पाटी आली, की पहिला विचार मनात येतो तो असा : माझंच काहीतरी चुकलं. मग गुरुजी पुन्हा बटण दाबतात, फोन बंद करून चालू करतात, रेंज मिळावी म्हणून शाळेच्या गच्चीवर जातात.

गच्चीवर जाण्याचे कारण नाही. ४०४ हा आकडा पलीकडच्या सर्व्हरने पाठवलेला असतो. तो आपल्यापर्यंत पोचला याचाच अर्थ रेंज ठीक आहे, आपली मागणी पोचली आणि तिचे उत्तरही परत आले. उत्तर एवढेच आहे की "या पत्त्यावर देण्यासारखे माझ्याकडे काही नाही." आता पत्ता जर आपण हाताने लिहिला असेल तर आपले अक्षर चुकले असू शकेल. पण आपण तर त्यांच्याच पानावरचे, त्यांनीच दिलेले बटण दाबले होते! तेव्हा चूक शोधायची ती पलीकडच्या बाजूला. ती कशी शोधतात, हे आज पाहू. आपल्यापैकी काही जण शाळेत संगणक शिकवतात, काहींचे विद्यार्थी पुढे जाऊन हेच काम करतात. आणि ज्यांना यातले काहीच करायचे नाही, त्यांना निदान तक्रार कशी लिहावी हे तरी कळेल.

उदाहरण म्हणून रुबी या भाषेत लिहिलेली साइट घेऊ. रुबी ही जपानात जन्मलेली संगणकभाषा. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली लोकांपुढे आणली. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी २००४ साली तिच्यावर 'रेल्स' नावाचा सांगाडा उभा केला आणि त्यानंतर रुबीत साइट लिहायची म्हणजे बहुधा रेल्स वापरायचे, अशी रूढी पडली. समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या एका मुलींच्या वसतिगृहाचे प्रवेश-अर्ज अशा साइटवर घेतले जातात. वाडीपासून हायस्कूल वीस किलोमीटरवर. वसतिगृह मिळाले तर मुलगी आठवीत जाणार, नाही मिळाले तर घरीच बसणार. एवढ्यासाठी तो अर्ज पोचला पाहिजे.

आता सरकारी कचेरीत आपला कागद कसा फिरतो, ते आठवा. दारातच आवक बारनिशी असते. तिथला कारकून कागद घेतो, आवक नोंदवहीत तारीख-वेळ टाकतो, विषय बघतो आणि अमक्या टेबलाकडे, असा शेरा मारून पुढे पाठवतो. स्वतः तो निर्णय काहीच देत नाही. रेल्सच्या साइटमध्ये अगदी हेच असते. तिथल्या बारनिशीला 'राउटर' म्हणतात, टेबलाला 'कंट्रोलर' म्हणतात, आणि टेबलावरच्या एकेका कामाला 'अ‍ॅक्शन'. कोणता कागद कोणत्या टेबलाकडे, याची एक सूची असते. तिची फाइल 'राउट्स' या नावाची. बारनिशी-कारकून ती सूची वरून खाली वाचत येतो, आणि जी पहिली ओळ जुळेल तिथे थांबतो. पहिली ओळ, बरं का. सर्वांत योग्य ओळ नव्हे. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

सूचीतल्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे पत्ता, आणि दुसरी म्हणजे क्रियापद. क्रियापदे मोजकीच आहेत. 'गेट' म्हणजे दाखवा, 'पोस्ट' म्हणजे नवे दाखल करून घ्या, 'पॅच' म्हणजे दुरुस्त करा, 'डिलीट' म्हणजे काढून टाका. पत्ता एकच, पण क्रियापद वेगळे, तर टेबलावरचे काम वेगळे. अर्जांसाठी रेल्सला 'रिसोर्सेस' अशी एक ओळ लिहून दिली की तो स्वतःच सात कामांच्या वाटा तयार करतो : अर्जांची यादी, कोरा अर्ज, अर्ज दाखल करणे, एक अर्ज पाहणे, तो दुरुस्तीसाठी उघडणे, दुरुस्ती नोंदवणे आणि अर्ज काढणे. सूचीतील खरे शब्द रोमन लिपीत असतात. वाचून दाखवायला सोपे जावे म्हणून मी ते नागरीत देतो आहे.

आता पाटी लागली. शोध कुठून सुरू करायचा? नवशिके लगेच सूची उघडतात आणि हे बदल, ते बदल असे सुरू करतात. तसे करू नये. आधी नोंदवही बघावी. रेल्सची आवक नोंदवही म्हणजे 'लॉग'. प्रत्येक मागणीच्या तिथे साधारण तीन नोंदी पडतात. पहिली 'स्टार्टेड' : अमुक क्रियापदाने, अमुक पत्त्याची मागणी, अमुक वेळेला आली. दुसरी 'प्रोसेसिंग बाय' : अमुक टेबलाने, अमुक काम हाती घेतले. तिसरी 'कम्प्लीटेड' : काम संपले, निकाल अमुक. या तीन नोंदींपैकी कोणती आहे आणि कोणती नाही, यावरून अर्धे निदान होते. वैद्य आधी नाडी बघतो, तसेच हे.

पहिलीच नोंद नाही, असे आढळले तर मागणी रेल्सपर्यंत आलीच नाही. म्हणजे कागद बारनिशीच्या आधी, फाटकावरच अडला. रेल्सच्या पुढे बहुधा एन्जिनएक्स किंवा अपाचे यांसारखा द्वारपाल-सर्व्हर बसवलेला असतो, आणि त्यालाही 'सापडले नाही' असे उत्तर देता येते. एक नेहमीचा प्रकार असा की साइट आधी स्वतंत्र नावावर होती, मग ती मोठ्या साइटच्या पोटात, 'वसतिगृह' या उपपत्त्याखाली हलवली. द्वारपालाला नवा पत्ता शिकवला, पण साइटमधली बटणे अजून जुनेच पत्ते छापतात. अशा वेळी रुबीची सूची कितीही तपासा, तिच्यात दोष सापडणार नाही. तो तिथे नाहीच.

पहिली नोंद आहे, पण दुसरी नाही, तर घोटाळा बारनिशीत आहे. त्याखाली कारणही लिहिलेले असते. 'अमुक नावाचा कंट्रोलर माहीत नाही' असा शेरा असेल तर सूचीत टेबलाचे नाव आहे, पण कचेरीत ते टेबलच नाही. बहुधा नावाचे एखादे अक्षर चुकलेले असते. टेबल आहे पण त्यावर ते काम करणारे कोणी नाही, असाही शेरा असतो. पण सर्वांत जास्त भेटतो तो शेरा 'नो राउट मॅचेस' म्हणजे जुळणारी वाट नाही. हा शेरा घाईने वाचू नये. त्यात पत्त्याच्या आधी, चौकोनी कंसात क्रियापद छापलेले असते आणि घोटाळा पुष्कळदा तिथेच असतो.

एक प्रसंग घ्या. गुरुजींनी अर्ज भरला, बटण दाबले. जन्मतारखेचा रकाना राहिला होता, म्हणून साइटने तोच अर्ज लाल अक्षरांसह परत दाखवला. इथवर ठीक. पण आता वरच्या पट्टीतला पत्ता 'अर्ज/नवा' असा राहिलेला नाही. नुसता 'अर्ज' झाला आहे, कारण दाखल करण्याचा पत्ता तो आहे. (रेल्सच्या २०२१ अखेरच्या सातव्या आवृत्तीपासून 'टर्बो' नावाची सोय नव्या साइटवर आपोआप येते आणि तिच्यात हे सहसा होत नाही, पण टर्बो न वापरणाऱ्या आणि जुन्या साइट पुष्कळ आहेत.) गुरुजींनी तो पत्ता उचलून शेजारच्या शाळेच्या बाईंना पाठवला : "इथे अर्ज भरा." बाईंनी त्यावर बोट ठेवले आणि पाटी आली, पान सापडले नाही. गुरुजींच्या फोनवर तर ते पान समोर उघडे आहे! दोघेही खरे बोलतात. गुरुजींचे पान 'पोस्ट' या क्रियापदाने आले होते. बाईंनी त्याच पत्त्याला 'गेट' लावले, आणि सूचीत 'अर्ज' या पत्त्याला 'गेट' नाही. कारण सर्वांच्या अर्जांची यादी कुणालाही दिसू नये म्हणून ती ओळ मुद्दाम वगळलेली होती. वगळली ते बरोबरच केले. उपाय असा की त्या पत्त्याला 'गेट'ची एक ओळ द्यावी आणि येणाऱ्याला कोऱ्या अर्जाकडे वळवावे. एका ओळीचे काम आहे.

क्रियापदाचा दुसरा घोटाळा अधिक नाजूक. ब्राउझरमधल्या साध्या दुव्याला 'गेट' सोडून दुसरे क्रियापद बोलताच येत नाही. 'अर्ज काढून टाका' किंवा 'बाहेर पडा' असा दुवा असेल, तर त्याला 'डिलीट' बोलायला लावण्यासाठी जावास्क्रिप्टची मदत घ्यावी लागते. खेड्यात रेंज मंद, पान उतरले पण स्क्रिप्ट अर्धीच राहिली, की दुवा आपल्या मूळ स्वभावावर जातो आणि 'गेट' बोलतो. शहरात, वेगवान जोडणीवर बसलेल्या लिहिणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही! टर्बो आल्यावर हे क्रियापद सांगण्याची लेखनपद्धतही बदलली. त्यामुळे जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेला दुवा नव्या रेल्समध्ये मुकाट 'गेट' बोलतो. यावर उपाय, अशा कामाला दुवा न देता खरे बटण द्यावे. बटणाभोवती छोटासा फॉर्म असतो. तो 'पोस्ट' म्हणून जातो, आणि आत लपवलेल्या एका रकान्यात खरे क्रियापद लिहिलेले असते. रेल्स ते वाचतो. स्क्रिप्ट येवो न येवो, काम होते.

पण काही जण दुसराच उपाय करतात. सूचीत काढून टाकण्याच्या कामालाही 'गेट' लावून मोकळे होतात. पाटी जाते, तक्रार थांबते. हा उपाय मला रोगापेक्षा वाईट वाटतो, आणि याचा दाखला इतिहासात आहे. २००५ साली गूगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' नावाचे एक साधन काढले. वाचकाचा वेळ वाचावा म्हणून ते पानावरचे दुवे, त्याने दाबण्यापूर्वीच, आतल्या आत उघडून ठेवी. 'गेट' म्हणजे नुसते दाखवणे, त्याने काही बिघडत नाही, असे ते साधन धरून चाले. आणि नियमाने ते बरोबरही होते. पण ज्या साइटवर 'काढून टाका' हा साधा दुवा होता, तिथे त्या साधनाने तोही उघडला आणि लोकांच्या नोंदी पुसल्या जाऊ लागल्या. ज्या बेसकँप या साइटच्या कामातून रेल्स जन्माला आले, तिच्या चालकांनाही इतर साइट लिहिणाऱ्यांसाठी तेव्हा जाहीर इशारा द्यावा लागला. पाटी घालवण्यासाठी क्रियापद सैल केले, तर मुलीचा अर्ज कुणी हात न लावता पुसला जाऊ शकतो, एवढे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार. नोंदवहीत पहिली नोंद आहे, 'प्रोसेसिंग' ही दुसरीही आहे, आणि तरी शेवटी ४०४ आहे. म्हणजे बारनिशीने कागद पुढे पाठवला, टेबलाने तो हाती घेतला, पण त्या टेबलाला हवी ती नोंद मिळाली नाही. बाहेरून बघणाऱ्याला पाटी तीच दिसते, पण दोष वेगळा. इथे विचारायचे ते हे : कागद योग्य टेबलाकडे गेला होता का? समजा, सूचीत 'अर्ज/क्रमांक' अशी ओळ वर आहे; म्हणजे 'अर्ज/१२' आले तर बाराव्या क्रमांकाचा अर्ज दाखवायचा. पुढे कुणीतरी 'अर्ज/माझे' ही नवी सोय केली आणि तिची ओळ सूचीच्या तळाशी लिहिली. आता 'अर्ज/माझे' अशी मागणी आली. कारकून वरून वाचतो. 'अर्ज/क्रमांक' या ओळीशी आला, 'माझे' हा क्रमांकच आहे असे समजला, आणि कागद पाठवून दिला. टेबल बिचारे 'माझे' क्रमांकाचा अर्ज शोधत बसले. खालची खरी ओळ कुणी वाचलीच नाही.

हे ओळखायला नोंदवहीची दुसरी ओळच पुरते, कारण तिच्यात कामाचे नाव असते. शिवाय रेल्सच्या कन्सोलमध्ये 'रेकग्नाइझ पाथ' अशी एक सोय आहे. तिला पत्ता आणि क्रियापद सांगा. हा कागद कोणत्या टेबलाकडे, कोणत्या कामासाठी, काय क्रमांक लावून जाईल ते ती प्रत्यक्ष मागणी न पाठवता सांगते. उत्तरात 'क्रमांक : माझे' असे दिसले की संशय उरत नाही. मग 'माझे'ची ओळ वर न्यावी, किंवा अर्जांच्या 'रिसोर्सेस' गटाच्या आतच लिहावी, म्हणजे रेल्स तिला आपोआप आधी घेतो. सबंध सूची डोळ्यांखाली घालायची असेल तर 'रेल्स राउट्स' ही आज्ञा आहे. ती प्रत्येक वाटेचे नाव, क्रियापद, पत्ता आणि टेबल चार रकान्यांत मांडून देते. सूची लांबलचक असली तर एखादा शब्द देऊन तेवढ्याच ओळी मागता येतात.

आता एक दोष असा सांगतो, जो इंग्रजी पुस्तकात एका ओळीत आटोपलेला असतो, पण आपल्याकडे चांगला रुजतो. आपल्या गावांची नावे बघा : वडगाव बु., वडगाव खु. बुद्रुक आणि खुर्द लिहिताना आपण टिंब देतोच. कुणी गावाच्या पानाचा पत्ता 'गाव/वडगाव.बु' असा ठेवला, तर रेल्स त्या टिंबाशी थांबतो. त्याच्या रीतीप्रमाणे पत्त्यातले टिंब म्हणजे नाव संपले, पुढे कागदाचा प्रकार आला. जसे फाइलच्या नावात टिंबानंतर प्रकार लिहितात तसे. त्यामुळे टेबलाकडे नाव जाते ते नुसते 'वडगाव', आणि 'बु' हा प्रकार म्हणून वेगळा निघतो. नशीब असेल तर पाटी लागते. नशीब नसेल तर दुसऱ्याच वडगावचे पान उघडते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सूचीत त्या वाटेला 'टिंबही नावातच धरा' अशी अट घालता येते. मला मात्र पत्त्यात नावच न ठेवणे अधिक पसंत आहे. २०११ च्या जनगणनेत गावांना सहा आकडी सांकेतांक दिलेले आहेत, तो वापरावा. तालुक्यात वडगावे चार असली तरी सांकेतांक चार वेगळे असतात.

नावांवरून आठवले. रेल्सला इंग्रजी व्याकरणाचा भारी सोस आहे. एकवचन-अनेकवचन तो स्वतः ठरवतो आणि त्यावरून वाटांची नावे पाडतो. रोमन लिपीत मराठी शब्द दिला की गंमत होते. 'दिवस' दिला तर शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून तो काढून टाकतो आणि एकवचन करतो 'दिवा'! 'कविता' दिली तर लॅटिन वळणाने तिचे एकवचन 'कवितम्' करतो. विद्यार्थी 'कविता' या नावाची वाट शोधत राहतो आणि सूचीत ती 'कवितम्' होऊन बसलेली असते. आणि 'अर्ज' या शब्दाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही, म्हणून यादीच्या वाटेच्या नावाला 'इंडेक्स' असे शेपूट जोडतो. वर्गात हे सांगितले की पोरे हसतात, पण मग विसरत नाहीत. असे शब्द अविकारी मानावेत, असे रेल्सला एका फाइलीत लिहून देता येते. नाहीतर आत इंग्रजी नावे ठेवावीत आणि वाचकाला दिसणारा पत्ता तेवढा मराठी करावा. तशीही सोय आहे.

सूची दुरुस्त केली, तरी चालू साइटवर ती लगेच लागू होत नाही. घरच्या संगणकावर लिहिताना रेल्स बदललेली सूची आपोआप पुन्हा वाचतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर मात्र त्याला नव्याने सुरू करावे लागते. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य जिथे ऐकू येते, तिथे हे एकदा विचारून बघावे.

आता तक्रारीविषयी. श्रोतेहो, "साइट चालत नाही" एवढे लिहून पाठवले तर पलीकडे बसलेला माणूस नोंदवहीच्या हजारो ओळींत काय शोधणार? पाटी लागली की चार गोष्टी टिपून ठेवा. वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता, जसाच्या तसा, टिंबासकट. त्याआधी आपण कोणत्या पानावर होतो आणि कोणते बटण दाबले, की कुणी पाठवलेल्या दुव्यावरून आलो. पाटीवरचे शब्द. आणि वेळ, मिनिटासह. पडद्याचे चित्र घेता आले तर उत्तमच. पण फोनवर पत्त्याची पट्टी पुष्कळदा लपलेली किंवा अर्धी दिसते, म्हणून पत्ता वेगळा उतरवून द्या. मुदतीचा अर्ज असेल तर ही तक्रार मुदत संपण्यापूर्वी लेखी, म्हणजे ई-मेलने, पाठवा आणि तिची प्रत मुख्याध्यापकांकडे ठेवा. बारनिशीत आपल्या मागणीची नोंद पडलेली असेल तर ती वेळ आणि आपल्या तक्रारीतली वेळ जुळते, आणि अर्ज वेळेत करण्याचा प्रयत्न झाला होता याला आधार मिळतो. शोधणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवावे, की सर्व्हरची घड्याळे पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात. गुरुजींनी रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटे लिहिली असतील, तर नोंद दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांच्या आसपास शोधावी.